टेलोमिअर, कर्करोग आणि मुदतीचा प्रश्न

गुणसूत्रांच्या टोकाशी असणाऱ्या टेलोमिअर ह्या भागाची कीर्ती मराठी वाचकापर्यंत पोचली ती मुख्यत्वे दीर्घायुष्याच्या वाटेने. २००९ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक ह्या तिघांना ह्या विषयातील संशोधनाबद्दल वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि म्हातारपण का येते ह्याचा उलगडा झाला असा जो बोलबाला तेव्हा सुरू झाला तो, मागाहून आलेल्या गोळ्या-पुड्यांच्या व्यापाऱ्यांनी घातलेल्या खतपाण्यामुळे, अद्याप ओसरलेला नाही. टेलोमिअर लांब तेवढे आयुष्य लांब, असे हे सोपे त्रैराशिक आहे. परंतु हाच प्रश्न कर्करोगाच्या बाजूने पाहू गेल्यास असे दिसते की टेलोमिअरचे दिवसेंदिवस आखूड होत जाणे हा अनिर्बंध वाढीविरुद्ध शरीराने करून ठेवलेला एक जुना बंदोबस्त आहे, आणि तो मोडून काढण्यात जी पेशी यशस्वी होते तीच पुढे कर्करोगाची पेशी म्हणून आपल्यासमोर येते; सबब टेलोमिअर लांबविण्याची गोळी मोल देऊन घेणाऱ्या गृहस्थाने आपण नेमके काय मागत आहोत ह्याचा एकदा शांतपणे विचार केलेला बरा.

नाशिकच्या वाचकाला ह्या सूक्ष्म प्रकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील तर त्याला सिन्नरकडे बोट दाखविता येईल. तेथील बिडीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई टेंभुर्णीचे भिजविलेले पान मापाने कातरते, त्यावर चिमूटभर तंबाखूची भुकटी पसरते, बोटांच्या एका वळणात सुरळी करून दोऱ्याने बांधते आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेते. ती स्वतः बिडी ओढीत नसली तरी तंबाखूची धूळ तिच्या श्वासात दिवसभर जातच असते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील महिमकर आणि भिसे ह्यांनी १९९५ साली बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशी तपासून त्यांच्या गुणसूत्रांत बिघाडाचे प्रमाण वाढलेले असल्याचे नोंदविले होते, हे ह्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यात तळहातावर चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, बायकांची मशेरी, आणि २०१२ साली राज्यात बंदी येऊनही टपरीवरून नाहीशी न झालेली गुटख्याची पुडी ह्यांची भर घातली, म्हणजे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करताना का आढळले, आणि भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अव्वल क्रमांकावर का आहे, ह्याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ह्या आढाव्यात जगभरच्या प्रयोगशाळांची वार्ता येईल, तथापि तिचा हिशेब शेवटी ह्या तोंडाच्या रोगापाशीच मांडावयाचा आहे.

प्रथम मूळ वस्तू. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक अतिदीर्घ धागा. आणि मनुष्यात ह्या धाग्याच्या दोन्ही टोकांना थायमिन, थायमिन, ॲडेनिन, ग्वानिन, ग्वानिन, ग्वानिन ह्या सहा अक्षरांची एकच ओळ हजारो वेळा गिरविलेली असते. तिच्यात कोणत्याही प्रथिनाची आज्ञा लिहिलेली नाही. येवल्याच्या मागावरून उतरलेल्या वस्त्राला जशा न विणलेल्या दशा सोडलेल्या असतात, आणि झिजावयाचे ते दशांनी झिजावे, पदरावरच्या मोराला धक्का लागू नये असा त्यामागे हेतू असतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. जन्माच्या वेळी ही पट्टी सुमारे १० ते १५ हजार अक्षरांची असते आणि पेशीच्या दर विभाजनाबरोबर तिच्यातील ५० ते २०० अक्षरे कमी होतात. कमी होण्याचे कारण नकलेच्या पद्धतीतच आहे: डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा एकाच दिशेने चालते आणि आरंभाला तिला एका लहानशा आधारखंडाची गरज लागते, तो आधारखंड काढून टाकल्यावर अगदी टोकाची जागा भरून काढावयास मागे काही उरत नाही.

टोकांची महती मात्र ह्या हिशेबाच्या बऱ्याच आधी कळलेली होती. हर्मन मुलर ह्यांनी १९३८ साली फळमाशीवरील प्रयोगांवरून आणि बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांनी त्याच सुमारास मक्यावरून असे दाखविले की तुटलेली गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, नैसर्गिक टोके मात्र चिकटत नाहीत. अर्थात नैसर्गिक टोकाला काहीतरी संरक्षण असले पाहिजे. डीएनएचा शेवट स्वतःवरच वळून त्याचा फास तयार होतो, हे कळावयास १९९९ साल उजाडावे लागले, आणि हे संरक्षण सहा प्रथिनांच्या एका समूहाकडून होते, हे त्याच्याही नंतर स्पष्ट झाले. हे आवरण ढळले की पेशीची दुरुस्तीयंत्रणा त्या टोकाला तुटलेला धागा समजते, आणि पेशीने विभाजन थांबवावे किंवा मरून जावे असा हुकूम सुटतो. पुढे उपचारांचा विचार करताना हा तपशील फार उपयोगी पडणार आहे.

ह्या शास्त्राच्या मार्गात एका थोर माणसाच्या चुकीने काही दशके धोंड टाकून ठेवली होती. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल ह्यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढविण्यास घेतल्या आणि त्यांचा तो वंश, कॅरेल वारल्यानंतरही, १९४६ पर्यंत चालू ठेवण्यात आला. त्यावरून शरीराबाहेर वाढविलेली पेशी अमर असते असा सिद्धान्त रूढ झाला. बहुधा खाद्य म्हणून घातलेल्या गर्भरसातून ताज्या पेशी पात्रात पडत राहिल्या असाव्यात. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड ह्यांनी १९६१ साली हा सिद्धान्त खोडून काढला: मनुष्याच्या सामान्य पेशी ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. का थांबतात, ह्याचा तर्क मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह ह्यांना भुयारी रेल्वेच्या स्थानकावर सुचला असे सांगतात. त्यांनी तो १९७१ साली रशियन भाषेत प्रसिद्ध केला, आणि पश्चिमेकडील विद्वानांनी त्याकडे बरेच दिवस लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी जेम्स वॉट्सन ह्यांनी टोकाच्या नकलेची अडचण स्वतंत्रपणे मांडली. पारितोषिकाच्या यादीत ओलोव्हनिकोव्ह ह्यांचे नाव नाही ह्याची रुखरुख अनेकांना वाटते, आणि ती मला तरी रास्त वाटते.

काचपात्रातील पेशींच्या ह्या कथेत महाराष्ट्राचा एक धागा गुंतलेला आहे आणि तो आपल्याकडे जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, ह्यांचा जन्म १९१७ साली पुण्याचा, शिक्षण हुजूरपागेचे. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडल्यानंतर तेथे विकृतिशास्त्राची परंपरा उभी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, १९४९ साली पीएच.डी. मिळविली, आणि नंतर ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे जिवंत पेशी पात्रात वाढविण्याचे, तंत्र शिकण्यासाठी त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गे ह्यांच्याकडे गेल्या. हे गे म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नामक कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी ज्यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या तेच. ह्याच हेला पेशी आज जगभर वापरल्या जातात. रणदिवेबाईंनी परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लॅक्सबाईंच्या पेशी थांबत का नाहीत, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर एका गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवाने दिले. टेट्राहायमेना ह्या जीवात लहान लहान गुणसूत्रे हजारोंनी असतात, म्हणजे टोके मुबलक; त्या टोकांची अक्षरे ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल ह्यांनी १९७८ साली वाचली. ब्लॅकबर्न ह्यांच्या विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर ह्यांना १९८४ सालच्या नाताळच्या दिवशी, क्ष-किरणांच्या फिल्मवर सहा सहा अक्षरांच्या अंतराने चढत गेलेल्या पट्ट्यांची ती प्रसिद्ध शिडी दिसली. टोकांना नवी अक्षरे जोडणारे एक विकर, ज्याला व्यवहारात आपण एन्झाइम म्हणतो, पेशीत अस्तित्वात होते; कोणती अक्षरे लिहावयाची ह्याचा आरएनएचा मसुदा ते स्वतःजवळच बाळगून होते. ह्यालाच टेलोमरेज म्हणतात. १९८९ मध्ये ग्रेग मॉरिन ह्यांना हेच विकर हेला पेशींत आढळले, आणि त्यांच्या अमरत्वाचे मर्म उघड झाले.

ह्यानंतर जो उत्साह उसळला त्याचे मूळ १९९४ सालच्या एका निबंधात आहे. डलासच्या वुडरिंग राइट आणि जेरी शे ह्यांच्या गटाने टेलोमरेज मोजण्याची एक अतिशय संवेदनशील पद्धत तयार करून निरनिराळ्या ऊती तपासल्या: बारा प्रकारच्या कर्करोगांच्या १०१ नमुन्यांपैकी ९० नमुन्यांत विकर सक्रिय होते, आणि सामान्य शारीरिक ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नव्हते. कर्करोगाच्या इतिहासात शत्रू आणि प्रजा ह्यांच्यातील सीमा इतकी स्वच्छ क्वचितच आखली गेली असेल. फुप्फुस असो, स्तन असो की आतडे, रोगाचे नाव बदलले तरी विकर तेच. तेव्हा त्याला अडविणारे एक औषध सर्व कर्करोगांवर चालेल, अशी आशा बाळगण्यात काही वावगे नव्हते. १९९७ साली विकराच्या प्रथिनाचे जनुक हाती आले, १९९८ साली ते सामान्य पेशीत घालताच तिची विभाजनाची मर्यादा नाहीशी झाली, आणि २०१३ साली त्वचेच्या मेलॅनोमा ह्या कर्करोगात ह्याच जनुकाच्या आरंभीच्या भागात केवळ एका अक्षराचा बदल होऊन बंद दिवा पुन्हा पेटल्याचे आढळून आले. असा बदल नंतर मेंदूच्या, मूत्राशयाच्या आणि यकृताच्या कर्करोगांत वारंवार दिसला. भारतीय रुग्णांच्या मुखाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांतही तो आढळलेला आहे.

मग १९९४ पासून आजवरच्या तीन दशकांत ते सार्वत्रिक औषध का आले नाही? कारणे अनेक सांगितली जातात, परंतु माझ्या मते त्यांतील मुख्य कारण एकच आहे, आणि ते अंकगणिताचे आहे. टेलोमरेज अडविल्याने पेशी मरत नाही. टोकांची झीज तेवढी पुन्हा सुरू होते. समजा, एखाद्या अर्बुदाच्या पेशींत टोकाला अजून २,००० अक्षरे शिल्लक आहेत आणि दर विभाजनाला १०० अक्षरे जातात, तर औषध पहिल्या दिवसापासून अचूक लागू पडले तरी पेशीला आणखी २० वेळा विभागण्याची मुदत मिळते. आणि २० वेळा दुप्पट होणे म्हणजे एकाच्या दहा लाखांहून अधिक होणे. प्रत्यक्षात अर्बुदातील बऱ्याच पेशी वाटेतच मरतात म्हणून हिशेब इतका भीषण होत नाही, परंतु सुपारीएवढी गाठ घेऊन आलेल्या रुग्णाजवळ ही मुदत नसते हे उघड आहे. आपल्याकडचा रुग्ण तर आधीच उशिरा आलेला असतो. तोंडातील चट्टा महिनोन्‌महिने अंगावर काढून, मध्यंतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून मलम लावून, गळ्यात गाठ हाताला लागू लागली म्हणजे तो डॉक्टरांच्या पायरीवर येतो, आणि तेथून बायोप्सीचे ब्लॉक व काचपट्ट्या पिशवीत घालून पंचवटी एक्स्प्रेसने दादर व तेथून परळ गाठतो. त्याच्यापुढे काही महिन्यांनी फळणारे औषध ठेवण्यात अर्थ नाही. उलट शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होऊन गेल्यावर मागे राहिलेल्या मूठभर पेशींवर हीच संथ झीज परिणामकारक ठरू शकेल. म्हणजे दोष औषधाच्या कल्पनेत नव्हता. ते कोणत्या वेळी द्यावे, ह्या निर्णयात होता.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतील उंदराने निर्माण केली. त्याची टोके माणसाच्या कितीतरी पट लांब असतात आणि त्याच्या पुष्कळ ऊतींत टेलोमरेज चालूच असते. सबब उंदरावरून माणसाविषयी अनुमान काढणे येथे विशेष धोक्याचे आहे. तरीही टेलोमरेज नसलेल्या उंदरांच्या वंशाने एक महत्त्वाची गोष्ट २००० साली शिकविली. टोके संपत आल्यावर पेशीला थांबविणारे पी-५३ हे प्रथिन शाबूत असेल तर कर्करोगाला आळा बसतो. तेच जर दुबळे झालेले असेल तर उघडी पडलेली टोके एकमेकांना चिकटतात, विभाजनाच्या ओढाताणीत तुटतात, पुन्हा चिकटतात, आणि ह्या धुमश्चक्रीतून नवे कर्करोग जन्माला येतात. एकच झीज एका परिस्थितीत पहारेकरी आणि दुसऱ्या परिस्थितीत घरफोड्या ठरते, हे ह्या विषयाचे खरे काठिण्य होय. शिवाय सुमारे १० ते १५ टक्के कर्करोग, विशेषतः हाडामांसाचे सार्कोमा आणि मेंदूची काही अर्बुदे, टेलोमरेजच्या वाटेला न जाता एका गुणसूत्राचे टोक दुसऱ्यावरून उतरवून घेण्याच्या पर्यायी मार्गाने आपला निभाव लावतात. विकर अडविणारे औषध त्यांच्यापुढे निरुपयोगी; त्यांच्यासाठी वेगळी औषधे सुचविली गेली आहेत, पण त्यांच्या प्रभावाबद्दल प्रयोगशाळांत एकमत नाही.

प्रत्यक्ष उपचारांच्या दप्तरात सर्वांत जाड फाईल इमेटेलस्टॅटची आहे. हा १३ अक्षरांचा एक कृत्रिम तुकडा असून टेलोमरेजच्या आरएनएच्या मसुद्यावर तो नेमका बसतो आणि विकराला लिहिण्यापासून रोखतो. पेशीत शिरणे सोपे जावे म्हणून त्याला मेदाचे एक शेपूट जोडलेले आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याची चाचणी झाली तेव्हा रोगाची प्रगती लक्षणीयरीत्या लांबली नाही. मात्र ज्या रुग्णांच्या अर्बुदांत टोके मुळातच आखूड होती त्यांना थोडा लाभ झाल्यासारखे दिसले, जे वर मांडलेल्या अंकगणिताशी जुळते. मेंदूचे अर्बुद असलेल्या मुलांवरील चाचणी बिंबाणू कमालीचे घटल्यामुळे आणि रक्तस्रावामुळे थांबवावी लागली. एका बड्या औषध कंपनीने भागीदारी केली आणि २०१८ साली ती सोडून दिली. इतके झाल्यावर एखादे औषध विस्मृतीत जावयाचे. परंतु रक्तनिर्मितीच्या विकारांत त्याला आधार सापडला. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम ह्या रोगात अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशींचा वंश माजतो, निकोप रक्त तयार होत नाही, आणि रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते. १७८ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना सलग आठ आठवडे रक्ताची गरज लागली नाही. औषधाविना हे प्रमाण १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्या विकाराच्या कमी जोखमीच्या, रक्तावर अवलंबून असलेल्या रुग्णांसाठी त्याला परवाना दिला. टेलोमरेज अडविणारे हे पहिले मान्य औषध. सार्वत्रिक औषधाचे स्वप्न घेऊन निघालेला प्रवास एका मर्यादित रोगाच्या एका मर्यादित गटापाशी येऊन पोचला, हे खरे. पण ज्या माणसाला दर पंधरवड्याला रक्तपेढीची पायरी चढावी लागते त्याला आठ आठवड्यांच्या सुटकेचे मोल विचारावे.

येथेही मुदतीचाच मुद्दा दिसतो. मज्जेतील पेशींचा हा वंश भराभर विभागणारा आणि त्याची टोके आधीच झिजलेली, म्हणून थोडी झीजही पुरे होते; आणि रोग स्वतः संथ असल्यामुळे रुग्ण औषधाचा परिणाम होईपर्यंत थांबू शकतो. दुष्परिणामही त्याच कारणाने होतात: निरोगी रक्ताच्या मूळपेशींतही टेलोमरेज थोडे चालू असते, त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू घटतात, आणि उपचार करणाऱ्याला रक्ततपासणीचा काटेकोर पहारा ठेवावा लागतो.

लशींचा मार्ग आतापर्यंत निराशेचा ठरला. टेलोमरेजच्या प्रथिनाचा तुकडा टोचून शरीराची प्रतिकारशक्ती त्या विकरावर सोडावी, ही युक्ती दिसावयास सुरेख. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १,०६२ रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीचा निकाल २०१४ साली आला तेव्हा आयुर्मानात वाढ आढळली नाही. जपानमधील ओकायामा येथे विकसित झालेला विषाणू अधिक मनोवेधक आहे: सर्दीच्या विषाणूचे वाढीचे कुलूप टेलोमरेजच्या जनुकाच्या किल्लीनेच उघडेल असे केलेले असल्यामुळे तो कर्करोगाच्या पेशीत वाढतो आणि सामान्य पेशीत सहसा वाढत नाही, अन्ननलिकेच्या कर्करोगात त्याची किरणोपचारांबरोबर परीक्षा झाली आहे.

मला स्वतःला ह्या सर्वांत तर्कदृष्ट्या सरस वाटते ती डलासच्याच प्रयोगशाळेने २०१५ साली पुढे आणलेली कल्पना. तीत विकराला अडवीत नाहीत, त्याला चालूच ठेवतात. मात्र त्याच्या हाती ग्वानिनसारखे दिसणारे एक खोटे, गंधकयुक्त अक्षर देतात. टेलोमरेज आपल्या सवयीने ते टोकावर लिहिते, टोकावरचे संरक्षक प्रथिनांचे आवरण बिघडते, आणि पेशीला आपला धागा तुटल्याची वर्दी लगेच मिळते. झीज होण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या मुदतीने बाकीच्या उपचारांना अडविले तिलाच ही युक्ती बगल देते, शिवाय मरणाऱ्या पेशींचे अवशेष प्रतिकारशक्तीला जागे करतात असे प्राण्यांत दिसले आहे. प्रतिकारशक्तीच्या औषधांबरोबर तिच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील चाचण्या चालू आहेत. निकाल काहीही लागो, प्रश्नाची नस ह्या लोकांना सापडली आहे असे मला वाटते.

आता दीर्घायुष्याच्या गोळीकडे क्षणभर परत वळू. पीओटी-१ ह्या संरक्षक प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या घराण्यांत टेलोमिअर जन्मापासूनच लांब असतात. त्यांचा जो अभ्यास बाल्टिमोरच्या मेरी आर्मानिओस ह्यांच्या गटाने २०२३ साली प्रसिद्ध केला, त्यात ही माणसे चिरतरुण न आढळता त्यांच्यात निरनिराळ्या गाठी, कर्करोग आणि रक्तपेशींचे विकृत वंश आढळले. मोठ्या लोकसंख्येच्या आनुवंशिक अभ्यासांतही लांब टोकांबरोबर अनेक कर्करोगांची जोखीम वाढलेली आणि हृदयविकाराची घटलेली दिसते. ह्या व्यवहारात एका खात्यात जमा केले की दुसऱ्या खात्यात नावे पडते.

उलट बाजूचा दाखला आपल्याला थेट तोंडाच्या रोगापाशी आणून सोडतो. डिस्केराटोसिस कन्जेनिटा नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. त्यात टेलोमरेजच्या यंत्रणेतील दोषामुळे टोके बालपणीच आखूड होतात. त्याची पूर्वापार ठरलेली लक्षणे तीन: नखे विरूप होणे, त्वचेवर जाळीदार रंगछटा उमटणे, आणि तोंडात पांढरे चट्टे येणे. ह्या रुग्णांना अस्थिमज्जा निकामी होण्याचे भय तर असतेच, परंतु घन कर्करोगांपैकी त्यांना जो प्रामुख्याने गाठतो तो जिभेचा आणि मुखघशाचा, तोही तंबाखूला कधी न शिवता. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातील पांढरा चट्टा आणि ह्या अभागी मुलाच्या तोंडातील पांढरा चट्टा ह्यांची कारणे भिन्न, पण पेशीच्या पातळीवरची अवस्था बरीचशी जुळते. ॲलन मीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तोंड, गर्भाशयमुख, अन्ननलिका, आतडे आणि मूत्राशय येथील कर्करोगपूर्व चट्टे तपासले असता, त्यांतील बहुसंख्य चट्ट्यांत टोके आजूबाजूच्या निरोगी ऊतीपेक्षा आखूड झालेली होती. म्हणजे पेशी आधी आपली टोके झिजवून बसते, त्या अवस्थेत गुणसूत्रांची मोडतोड होते, आणि त्यानंतर टेलोमरेज जागे होऊन त्या मोडक्या घराला कायमची सनद मिळते.

नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने ह्या साऱ्या आढाव्यातील कामाचा भाग मला हा वाटतो. तोंडाच्या तपासणीत दंतवैद्य तीन बोटे उभी करून तोंडात घालावयास सांगतो. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरलेली असली म्हणजे दोनही जात नाहीत. गालाला, ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा दिसला तर त्याचा कण काढून तपासावयास पाठवितात. अशा चट्ट्यांपैकी थोडेच पुढे कर्करोगात परिणत होतात, आणि ते कोणते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या अनुभवी विकृतितज्ज्ञालाही दर वेळी सांगता येत नाही. परिणामी एकतर सर्वांना वारंवार बोलवावे लागते, जे कोणी पाळीत नाही, अथवा सर्वांना तंबाखू सोडा असे सांगून घरी पाठवावे लागते. पॅराफिनच्या ब्लॉकमधून कापलेल्या पातळ पापुद्र्यावर टोकांना चिकटणारा चकाकणारा रंग टाकून त्यांची लांबी पेशीगणिक अजमावता येते. मीकर ह्यांनी तेच केले होते. त्यासाठी रुग्णाला नव्याने टोचावे लागत नाही, वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेले जुने ब्लॉकही चालतात. आपल्या जिल्ह्यातील प्रयोगशाळांत आणि दंतमहाविद्यालयांत असे ब्लॉक पुष्कळ साठलेले असणार. दिंडोरी रस्त्यावर ज्याचे मुख्यालय आहे त्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील वैद्यकीय आणि दंत महाविद्यालये १९९८ सालच्या स्थापनेनंतर संलग्न झाली, आणि दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तेथे सादर होतात. त्यांतील काही विद्यार्थ्यांना एकाच पद्धतीने, एकाच तक्त्यात ह्या चट्ट्यांची टोके मोजावयास लावणे कठीण नसावे.

कठीण आहे ते पुढचे काम: ज्यांचे चट्टे मोजले त्या माणसांना आठ-दहा वर्षे शोधत राहणे. ते आपल्याकडे होत नाही असे म्हणण्याची सवय आहे. पण सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालत आली आहे, आणि तिच्या आरंभी गावोगाव फिरून चौकशी करणाऱ्या माणसांजवळ वही आणि चिकाटी ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते. सिन्नर तालुक्यातील बिडी कामगार बायकांची नावे कारखान्यांच्या हजेरीपटावर आहेत, गावोगाव आशाताई आहेत. आखूड टोकांचा चट्टा निघाला त्या बाईला तीन महिन्यांनी बोलवावयाचे आणि बाकीच्या चौघींना वर्षाने, एवढा जरी निवाडा ह्या मोजणीतून करता आला, तरी डॉक्टरांना आपली तपासणीची वेळ कोठे खर्च करावी हे ठरविता येईल, आणि ज्या संथ औषधांना आज मोठ्या गाठीपुढे मुदत मिळत नाही त्यांची परीक्षा घेण्यासाठी योग्य रुग्णांचा गटही हाताशी राहील.